नंबरकाका

गणपतीच्या आरतीला आमच्या इमारतीत झांजा वाजवणारे अकराजण आहेत. त्यांत माझा नंबर आठवा. हे मी विनयाने म्हणत नाही, तसा लेखी निकाल आहे. मध्यंतरी एका वर्षी मी सातव्यावर चढलो होतो. पण शेवटी शेवटी लय जलद झाली तशी माझी झांज मागे पडली आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून मला सांगण्यात आलं, "तुझा आठवा कायम. हरकत असेल तर आठ दिवसांत लेखी कळव."

सांगणारे अर्थातच नंबरकाका. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, दुसरा मजला. दारावर पितळी पाटी आहे, पाटीवर आडनाव आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. कुरिअरवाला पोरगाही खालूनच "नंबरकाका आहेत का?" म्हणून हाक मारतो. काकांनी त्याचाही नंबर काढलेला आहे. तिसरा. पार्सल फेकत नाही, पण बेल दोनदा वाजवतो, एवढंच कमी पडलं.

जगात जी गोष्ट एकाहून जास्त आहे तिला क्रम असलाच पाहिजे, अशी काकांची श्रद्धा आहे. स्टेशनबाहेरचे वडापाव, लग्नातल्या जिलब्या, इमारतीतले घोरणारे, सगळे त्यांच्या यादीत असतात. सोसायटीच्या सभेत एकदा पाण्याच्या टाकीवरून कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी काकांनी भांडणाऱ्यांची गुणवत्ता यादी सांगितली. तिच्यात पहिल्या आलेल्या बाई त्यानंतर सभेत कधी बोलल्या नाहीत. "पहिला नंबर टिकवायचं टेन्शन येतं हो," असं त्या म्हणायच्या.

पण हे सगळे किरकोळ हिशेब. काकांचं मुख्य खातं एकच. राहुल देव बर्मन, म्हणजे पंचम. हा माणूस २७ जून १९३९ ला कलकत्त्यात जन्मला, ४ जानेवारी १९९४ ला मुंबईत गेला आणि मधल्या काळात तीनशेवर सिनेमांना संगीत देऊन त्याने काकांच्या म्हातारपणाची तरतूद करून ठेवली.

काका सरकारी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले. सबंध नोकरी दौऱ्यावर गेली. तालुक्याच्या कचेऱ्यांमध्ये जायचं, सिमेंटच्या गोण्या मोजायच्या, रोजकीर्द आणि पावत्या ताडून बघायच्या आणि संध्याकाळपर्यंत पाच-पंचवीस शक काढून ठेवायचे. 'पावती दिसून येत नाही', 'खर्चाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही', 'खुलासा करावा'. ही भाषा त्यांच्या हाडात इतकी मुरली आहे की काकूंनी आमटीत गूळ जास्त घातला तर काका "जादा खर्च" एवढंच म्हणतात आणि निमूट जेवतात.

याच भाषेत त्यांनी पंचमची वही लिहिली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कचेरीत कॅशबुक असतं तसली लांबट वही. सरकारी स्टेशनरी घरी आणली असा संशय कुणाला येऊ नये म्हणून ती विकत घेतल्याची पावती पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे. आत रकाने: अनुक्रमांक, चित्रपट, साल, रेकॉर्ड कुठून घेतली व किंमत, गाणी किती, प्रकार, उसनवारी, शेरा आणि शंभरपैकी गुण. शेरे लाल शाईत. क्रम मात्र पेन्सिलने, कारण दर २७ जूनला नवी यादी जाहीर होते. पहिले पन्नास. एकावन्नाव्याला काका 'प्रतीक्षा यादी' म्हणतात.

या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड कुठे असेल तर ती 'प्रकार' या रकान्यात. सुरुवातीला काकांनी तीनच प्रकार आखले होते: शास्त्रीय, पाश्चात्त्य आणि लोकसंगीत. 'तीसरी मंजिल'पासून सुरुवात केली. साल १९६६. या सिनेमाला शम्मी कपूरला शंकर-जयकिशन हवे होते, हा नवा मुलगा नको होता, पण चाली ऐकल्या आणि गडी विरघळला. गाणी सहा, त्यांत गिटार, ड्रम, ब्रास आणि आशाबाईंचा दमसास. प्रकार: पाश्चात्त्य. पुढच्या पानावर 'पडोसन', १९६८. इथे मन्ना डे आणि किशोरकुमार यांची ती झकास जुगलबंदी. एक अस्सल तयारीचा गायक, दुसरा कुणाकडे रीतसर गाणं न शिकलेला, आणि सिनेमात जिंकतो दुसरा. आता हे शास्त्रीय म्हणायचं की शास्त्रीयाची टिंगल? काकांनी 'शास्त्रीय' लिहिलं, खोडलं, 'टिंगल' लिहिलं, तेही खोडलं आणि शेवटी 'निर्णय राखून' असा शेरा मारला.

त्यानंतर १९७१ साल उजाडलं आणि वही कोलमडली. त्या एका वर्षात 'हरे रामा हरे कृष्णा' आला आणि 'कारवाँ'ही आला. एकीकडे नेपाळातले हिप्पी, चिलमीचा धूर, भूपिंदरच्या गिटारची ती विळखा घालणारी सुरावट. दुसरीकडे धापा टाकणारा कॅबरे. हे दोन्ही 'पाश्चात्त्य'मध्ये कोंबून काका जरा कुठे टेकतात तर १९७२ ला 'अमर प्रेम' दारात उभा! तोडीच्या अंगाचं लताबाईंचं गाणं, जवळपास बैठकीत बसून ऐकावं असं. काकांनी चौथा प्रकार उघडला: 'इतर'. वर्षभरात तीन पानं 'इतर'ची झाली. लेखापरीक्षणात ज्या कचेरीचं 'इतर' खातं सगळ्यात मोठं असतं तिथे काहीतरी पाणी मुरतंय असं समजतात. काकांनी शेरा लिहिला, "सदर इसम एका खात्यात राहत नाही. दरवर्षी स्वतःच बदली मागून घेतो. वर्गीकरण शक्य नाही."

हा शेरा त्यांनी १९९६ मध्ये लिहिला. वर्गीकरण त्यानंतरही चालू आहे.

'इतर'वर तोडगा म्हणून काकांनी पुढे 'साहित्य' असा जादा रकाना पाडला. कारण त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस वाद्यांच्या दुकानापेक्षा स्वयंपाकघरात आणि भंगारात जास्त रमतो. 'पडोसन'मध्ये कंगवा घासलेला. 'यादों की बारात'मध्ये काचेवरचा किणकिणाट. 'शोले'तल्या 'मेहबूबा' या नाचगाण्याला बाटलीत मारलेली फुंकर. आणि 'किताब' या १९७७ च्या सिनेमात तर शाळेतल्या पोरांच्या गाण्याला ठेका हवा म्हणून चक्क बाकं स्टुडिओत नेऊन बडवलेली. या नोंदीपुढे काकांचा लाल शेरा आहे: "शाळेची बाकं अन्यत्र वापरली. परवानगी दिसून येत नाही. तथापि उत्तम."

लेखापरीक्षक ऐकीव माहितीवर विश्वास ठेवत नाही, तो प्रत्यक्ष पाहणी करतो. त्यामुळे काकांनी या सगळ्याची घरी पाहणी केली. माझ्या लहानपणी त्यांच्या ओट्यावर सरबताच्या तीन बाटल्या कमीजास्त पाणी भरून ठेवलेल्या असायच्या. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारायची. पाणी जास्त तर हवेला जागा कमी, म्हणून सूर वर जातो. पाणी ओतून टाकलं की खाली येतो. आम्हा मुलांना एकेक बाटली देऊन काका मधे उभे राहून हात हलवायचे. आमच्या फुंकरीतून भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटल्यासारखा आवाज निघायचा, पण काका डोळे मिटून मान डोलवायचे. काचेच्या किणकिणाटाच्या पाहणीत काकूंच्या लग्नातल्या सेटमधले चार ग्लास गेले. उरलेले दोन काकूंनी कुलपात ठेवले, ते आजतागायत तिथेच आहेत.

सगळ्यात त्रासदायक पाहणी 'सत्ते पे सत्ता'ची. १९८२ चा सिनेमा. त्यात दुसरा अमिताभ पडद्यावर येतो तेव्हा मागे एक घशातला, खोल, अंगावर काटा आणणारा आवाज येतो. तो अ‍ॅनेट पिंटो या गायिकेने गुळण्या करून काढला आहे. हे समजल्यापासून काका रोज सकाळी सव्वासहाला मिठाच्या गुळण्या ठेक्यात करतात. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना सुरुवातीला वाटलं, कुणाला तरी झटका आला. आता इमारतीत कुणी गजर लावत नाही.

काकांचा एक प्रतिस्पर्धी आहे. समोरच्या ब्लॉकमधले गुरुजी. शाळेतून निवृत्त, गाण्यातलं कळतं, आणि पंचमच्या बाबतीत त्यांचं एकच वाक्य: "बाप बाप होता." म्हणजे सचिनदा. दोघांचा वाद पंधरा-वीस वर्षं चालू आहे आणि तो कधीच नव्या मुद्द्यावर गेलेला नाही.

"अहो ऑडिटर, ज्याचं नावच पंचम, म्हणजे पाचवा, त्याचे तुम्ही पहिले-दुसरे काय काढताय?" गुरुजी चहाचा कप ठेवता ठेवता विचारणार.

"सप्तकात पाचवा आणि षड्ज हे दोनच अचल. बाकीचे सगळे हलतात," काका.

"अचल? अहो, तुमचा पंचम एका जागी दोन महिने बसला नाही! आणि चोऱ्या किती? 'मेहबूबा' कुणाचं?"

इथे दुसरा कुणी चाहता असता तर उठून भांडला असता. काका शांतपणे वही उघडतात. 'उसनवारी' या रकान्यात त्यांनी सगळं आधीच टिपून ठेवलंय. 'शोले'मधलं ते गाणं ग्रीक गायक डेमिस रूसोसच्या चालीवरून. 'हम किसीसे कम नहीं'च्या मेडलेमधला एक तुकडा आबा या स्वीडिश मंडळींचा. 'परिंदा'तलं सुरेश वाडकर-आशा भोसले यांचं गाजलेलं द्वंद्वगीत लिओ सेयरच्या चालीवरून. प्रत्येक नोंदीपुढे गुण कापलेले आहेत. 'शोले'चे बारा कापले. "त्या सिनेमात गाण्यांपेक्षा संवादांच्या रेकॉर्ड जास्त खपल्या, हे लोकांनीही एक प्रकारे ऑडिटच केलं," हेही काकाच सांगतात.

"म्हणजे चोर हे मान्य?" गुरुजी पुढे सरसावतात.

"उसनवारी मान्य. पण गुरुजी, आम्ही रस्त्याच्या कामाचं ऑडिट करायचो तेव्हा खडी कुठल्या खाणीतली हे बघायचो, आणि मग रस्त्यावरून चालूनही बघायचो. 'मेहबूबा' त्यांनी स्वतःच्या फाटक्या गळ्यानं गायलं. तो गळा कुणाकडून उसना आणला? त्याची पावती दाखवा."

मग काका आणखी एक पान उलटतात. 'आंधी', १९७५. त्यातल्या प्रसिद्ध द्वंद्वगीताची चाल पंचमने आधी बंगालीत पूजेच्या गाण्याला वापरली होती. दुर्गापूजेला कलकत्त्यात नव्या गाण्यांच्या रेकॉर्ड निघायची प्रथा होती. पंचम तिथे एखादी चाल पेरून ठेवायचा आणि मग कधीतरी मुंबईत कापणी करायचा. काकांनी हे उसनवारीत धरलेलं नाही. शेरा आहे, "एका शीर्षाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळती. पुनर्विनियोजन. नियमात बसते." गुरुजी हे वाचतात, चहा संपवतात आणि म्हणतात, "बाप बाप होता." पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

दर २७ जूनला काकांच्या घरी निकाल लागतो. आठ-दहा माणसं जमतात. बँकेतले दोघं, एक होमिओपॅथ, बदलापूरहून येणारा एक सरकारी वकील, गुरुजी, मी. काकू पोहे करतात. पन्नासाव्यापासून वर वाचत यायचं, प्रत्येक नावाला एक गाणं वाजवायचं, हरकती घ्यायच्या, हरकती फेटाळायच्या. विसाव्या नंबराच्या आसपास रात्रीचे अकरा वाजतात आणि बदलापूरवाल्यांची गाडी चुकायची वेळ होते, म्हणून वरचे वीस नेहमीच घाईत जाहीर होतात. पहिला नंबर तर कित्येकदा जिन्यात उभ्याउभ्या सांगितला गेला आहे.

हा पहिला नंबर गेल्या तीस वर्षांत तिघांमध्येच फिरतो आहे. 'तीसरी मंजिल', 'अमर प्रेम' आणि 'आंधी'. काकांच्या मनाची अवस्था बघून तो ठरतो असा आमचा अंदाज आहे. तब्येत ठणठणीत असली की 'तीसरी मंजिल'. मुलगा परदेशी गेला त्या वर्षी 'अमर प्रेम'. निवृत्तीनंतर सलग चार वर्षं 'आंधी'. 'आंधी'त गाणी चारच, पण काका म्हणतात चारांत एकही भरतीचं नाही. या सिनेमावर आणीबाणीत बंदी आली होती, त्याचे वेगळे दोन गुण. गुलजारांनी लिहिलेल्या शब्दांत 'नशेमन' आलं तेव्हा पंचमने "हे गाव कुठे आलं?" असं विचारल्याची गोष्ट सांगतात. काकांना ती फार आवडते. "मला दिलं असतं तर मीही आधी एसटीच्या वेळापत्रकातच शोधलं असतं," असं ते म्हणतात आणि दर वर्षी स्वतःच हसतात.

एकदा मी विचारलं, "काका, कॅबरेची आणि तोडीची तुलना होते तरी कशी? फूटपट्टी कुठली लावता?"

काका बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, फूटपट्टी मी दर वर्षी नवी घेऊन बसतो. पहिल्या दहा मिनिटांत हा माणूस ती मोडतो. मग पुढचे तीन महिने मी मोडलेली फूटपट्टी घेऊन सगळी गाणी परत ऐकतो. क्रम काय, तो कुठला तरी लागतोच."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की यादी ही काकांची सबब आहे. रिकामटेकडा बसून गाणी ऐकणं हे त्यांच्या पिढीच्या, त्यांच्या खात्याच्या माणसाला शोभत नाही. काम पुढ्यात असावं लागतं. मग ते तीनशे सिनेमांचं काम काढतात आणि दर वर्षी ते अपुरं ठेवतात.

पण या कामामागे एक जुनी जखमही आहे. तिचं नाव फिल्मफेअर. पंचमला ते बक्षीस पहिल्यांदा मिळालं 'सनम तेरी कसम'ला, म्हणजे १९८२ च्या सिनेमाला. मग 'मासूम'ला. तिसरं '१९४२: अ लव्ह स्टोरी'ला, ते घ्यायला माणूसच नव्हता. 'अमर प्रेम'ला नाही, 'आंधी'ला नाही, 'तीसरी मंजिल'ला नाही. हा विषय निघाला की काकांचा आवाज चढतो. आणि 'इजाजत' निघाला की ते उभेच राहतात. १९८७ चा सिनेमा. त्यातल्या मुक्तछंदातल्या त्या गाण्यासाठी आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गुलजारांनाही मिळाला. "गाणारीला बक्षीस, लिहिणाऱ्याला बक्षीस! आणि चाल काय पोस्टाने आली होती?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकलं असेल. चाळिसाव्या वेळीही त्यांचा हात तेवढाच थरथरत होता. जगाने नंबर चुकीचे लावले, म्हणून या माणसाने स्वतःची वही घातली.

त्यातही त्यांनी भावनेला थारा दिलेला नाही, हे सांगायला हवं. '१९४२'ला पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकमुखाने पहिला नंबर मागितला. काकांनी सातवा दिला. "सहानुभूतीचे अकरा गुण वजा केलेत. उरलेले खरे." ऐंशीच्या दशकातल्या पडत्या काळातल्या पन्नासेक सिनेमांना त्यांनी 'हजर, पण काम नाही' असा शेरा मारला आहे. मारताना त्यांना त्रास झाला असणार, कारण तिथे शाई फुटली आहे. १९८७ साली होजे फ्लोरेसबरोबर काढलेली 'पँटेरा' ही लॅटिन धाटणीची रेकॉर्ड सिनेमाची नाही म्हणून त्यांनी 'संकीर्ण' या पानावर ठेवली, आणि तिच्या शेजारी गुलजार-आशाबाईंबरोबरची 'दिल पडोसी है'. संकीर्णाला नंबर नसतो. पण त्या पानाला रंगीत फीत लावलेली आहे.

वादकांचं एक पानही आहे. तबल्याचे मारुतीराव कीर, सॅक्सोफोनचे मनोहारी सिंग, मादलचे रणजित गजमेर, रेसो रेसोचे अमृतराव काटकर. रेसो रेसो म्हणजे खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून वाजवायचं वाद्य. काटकरांचं नाव घेताना काका जरा ताठ बसतात. "ब्राझीलचं वाद्य आणि वाजवणारा काटकर! याचा प्रकार कुठला लिहू, सांग?" या पानालाही नंबर नाहीत. इथे काकांनी फक्त नावं लिहिली आहेत, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकाच्या आधी 'श्री.' घालून.

एवढ्या काटेकोर वहीत एक मोठी चूक आहे, आणि ती आम्ही सगळ्यांनी वेळोवेळी दाखवून दिली आहे. पन्नासांत 'घर' नाही. १९७८ चा सिनेमा, गुलजारांचे शब्द, लता-किशोर-आशा-रफी, एकसे एक गाणी. कुठल्याही पंचमभक्ताच्या पहिल्या दहांत ते असतं. काकांच्या पन्नासांत नाही, प्रतीक्षा यादीत नाही, संकीर्णात नाही. वकिलांनी दोनदा लेखी हरकत घेतली. काकांनी ती दाखल करून घेतली आणि निकाल दिला, "विचाराधीन." गुरुजी म्हणाले, "विसरला असेल. म्हाताराय." पण जो माणूस 'छोटे नवाब' कुठल्या साली आला हे झोपेतून उठवलं तरी सांगतो, तो 'घर' विसरेल?

गेल्या दिवाळीच्या आधी काकूंनी मला हाक मारली. कपाटावरच्या रेकॉर्ड खाली काढून पुसायच्या होत्या आणि स्टुलावर चढायला काकांना डॉक्टरांनी बंदी केली आहे. काका रक्तदाब तपासायला गेले होते. मी एकेक काढून देत होतो, काकू मऊ फडक्याने पुसत होत्या. 'तीसरी मंजिल' अगदी कोरी करकरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. 'अमर प्रेम' तशीच. 'आंधी'च्या कव्हरचा एक कोपरा तेवढा दुमडलेला. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून, एक कव्हर हाताला लागलं ते कव्हर म्हणायच्या लायकीचं नव्हतं. तिन्ही कडांना खाकी चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली, तिच्यावर पारदर्शक टेप. आतली तबकडी उजेडात धरली तर काळ्याऐवजी करडी दिसत होती. एका ठिकाणी नखभर ओरखडा. 'घर'.

"लाव," काकू म्हणाल्या.

मी लावली. खरखरीतून लताबाई आल्या. काकू पुसता पुसता गुणगुणत होत्या. ओरखड्यापाशी सुई टुणकन उडून पुढच्या शब्दावर गेली, आणि काकूंनीही एक शब्द न चुकता तिथेच उडी मारली. मधला तुकडा त्यांच्या गाण्यात नव्हताच. घरी येऊन मी तेच गाणं मोबाइलवर अखंड ऐकलं तेव्हा मलाच ते मधे लांबल्यासारखं वाटलं.

"लग्न झालं त्याच वर्षीची," काकू म्हणाल्या. "एक खोली होती आमची, सामायिक मोरी. यांनी त्या महिन्याचे दुधाचे पैसे घातले तिच्यात. मी विचारलं, वाजवणार कशावर? तर गप्प. रेकॉर्ड प्लेअर दोन वर्षांनी आला रे. तोवर हे दौऱ्यावरून आले की ट्रंकेतून काढायची, कव्हरवरची नावं वाचायची, पुसायची आणि परत साड्यांच्या घडीत ठेवायची. सिनेमा बघितला तर मी रडून बेजार. ती कथाच तशी होती. पण गाणी आमची झाली."

"मग काका नंबर का देत नाहीत?"

"त्यांनाच विचार. नंबर त्यांनी लावले, सुया मी बदलल्या. दर वर्षी सुई कशानं झिजते ते मला ठाऊक आहे."

तेवढ्यात काका आले. दारात चपला काढल्या, छत्री खिळ्याला अडकवली, आणि आतून येणारं गाणं ऐकून उंबऱ्यातच थांबले. रेकॉर्ड माझ्या ताब्यात असल्याचं त्यांनी पाहिलं. रंगेहाथ सापडलेल्या रोखपालासारखा त्यांचा चेहरा झाला. मी संधी सोडली नाही. म्हटलं, "काका, पन्नासांत ही का नाही? आज लेखी नको, तोंडी खुलासा चालेल."

काका खुर्चीत बसले. खिशातून रक्तदाबाचा कागद काढून टेबलावर ठेवला. ओरखडा आला, सुई उडाली, आणि खुर्चीतल्या काकांनी आणि फडकं हातात घेतलेल्या काकूंनी एकाच वेळी उडी मारली.

"नियमच आहे," काका म्हणाले. "आपल्या घराचं ऑडिट आपण करायचं नसतं."

यंदाच्या २७ जूनची यादी लागली आहे. पन्नास नावं आहेत, पहिला 'तीसरी मंजिल'. 'घर' त्यात नाही, आणि वकिलांनी या वेळी हरकत घेतली नाही.